जुना रेडिओ, नवं गिऱ्हाईक

आज बोलायचं आहे जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल, आणि त्यातही आवाजाच्या वस्तूंबद्दल. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेपरेकॉर्डर, स्पीकर, माईक, मिक्सर. मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे, आवाजाचा. आमच्या केंद्रावर पाहुण्या आल्या की आधी हेच सांगावं लागतं.

हल्ली भजनी मंडळाला अँप्लिफायर हवा असो, बचत गटाला कार्यक्रमासाठी माईक हवा असो, नवीन परवडत नाही म्हणून कुणीतरी फोनवर जुना शोधतं. फोटो दिसतो, खाली लिहिलेलं असतं, 'चालू स्थितीत'. पैसे जातात, खोकं येतं, आणि मग भांडण. घेणारी म्हणते, एकाच बाजूने आवाज येतोय, मला फसवलं. विकणारी म्हणते, मी जुनं म्हणूनच विकलं, नव्याचे पैसे घेतले नाहीत, आता परत कशाला घेऊ? आमच्याकडे अशा दोन्ही बाजूंचे निरोप येतात. गंमत अशी की बहुतेक वेळा दोघीही खरंच बोलत असतात. 'चालू' या एका शब्दाचा अर्थ दोघींनी वेगवेगळा धरलेला असतो. तर हा शब्द आला कुठून, जुनी वस्तू घेताना कोणी काय सांगायचं आणि कोणी काय तपासायचं हे ठरलं कसं, ते आम्ही जरा मागे जाऊन पाहिलं.

समोरासमोरचा व्यवहार आपल्याला नवा नाही. बैलबाजारात दात बघायचे, बैल चालवून बघायचा, मारका आहे की बसका आहे ते विचारायचं, आणि भाव ठरवायचा तो रुमालाखाली बोटं धरून. दारावर येणारी बोहारीण आठवा. जुनी साडी ती उजेडाकडे धरायची आणि विरलेली जागा बरोबर शोधून काढायची. आपणही कमी नव्हतो, ती पातेलं पुढे करायची तेव्हा आपण त्याच्या बुडावर टिचकी मारून बघायचो. दोन्हीकडे तपासणी, दोन्हीकडे घासाघीस, आणि एकदा पातेलं घरात गेलं की विषय संपला. परत करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वस्तू डोळ्यांसमोर होती.

रेडिओचा जुना बाजारही याच रीतीने चालला. मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. तिथे रेडिओ घेणारा तो लावून बघितल्याशिवाय पैसे काढत नसे. व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट तरी लागतं, मग आधी गुणगुण आणि मग आवाज. जाणकार माणूस तेवढ्यावर थांबत नसे, पाच-दहा मिनिटं चालू ठेवून बसे. तापल्यावर आवाज चिरकतो का, जळका वास येतो का, हे तेव्हाच कळतं. एक भानगड मात्र वेगळीच होती. 1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ जवळ बाळगणं हा गुन्हा होता. पोस्टात दर वर्षी फी भरायची. म्हणजे जुना रेडिओ घेतला तरी सरकारी कागद आपल्या नावाचा लागायचाच. ही कटकट 1985 पर्यंत चालली. आज आपण त्याला हसतो, पण वस्तू कोणाकडे आहे याची कुठेतरी नोंद असणं हे चोरीच्या मालाच्या बाजारात अगदीच वाईट नव्हतं, असं आमच्यातल्या एकीचं मत आहे. बाकीच्या तिच्याशी सहमत नाहीत.

आता कायदा काय म्हणत होता ते बघू. हा भाग आम्हाला सगळ्यात रंजक वाटला.

1872 चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि समजावण्यासाठी एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. ऐकून चीड येते ना? पण पुढचं उदाहरण ऐका. तोच घोडा, तोच माणूस, फक्त घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र गप्प बसून चालणार नाही. ते नातंच असं आहे की दोष सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात खरेदी करणारी मुलगी दिसते, आणि दिसते ती बापाकडूनच घोडा घेताना! बाहेरच्या बाजारात तिला कोणी पाठवलं नसावं.

तिसरं उदाहरण आपल्या कामाचं. घेणारा विकणाऱ्याला म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी समजेन. विकणारा गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं. म्हणजे विचारलं की चित्र बदलतं. न विचारलेल्या प्रश्नाला विकणारा बांधील नाही, पण विचारलेल्या प्रश्नापुढे त्याचं मौनसुद्धा उत्तर होतं.

त्यानंतर आला 1930 चा मालविक्री कायदा. तो 1 जुलै 1930 पासून लागू झाला आणि आजही आहे. त्याचा मूळ सूर 'घेणाऱ्याने सावध राहावं' असाच. पण त्यात दोन-तीन वाटा ठेवल्या आहेत. त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, तर ती बाजारात चालण्याजोगी असलीच पाहिजे. मात्र तुम्ही स्वतः तपासून घेतली असेल, तर जो दोष तपासताना दिसायला हवा होता त्याची तक्रार नंतर करता येत नाही. बोहारणीचं पातेलं म्हणजे हेच. आणि पंधरावं कलम तर धंदेवाला आणि घरगुती विकणारा असा भेदही करत नाही. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे. पाच ओळींची जाहिरात लिहिणारी कोणतीही ताई, दादा, काका या कलमात येतात. हा कायदा झाला तेव्हा मोबाईल नव्हता, पण फोटो आणि वर्णन बघून घेतलेल्या स्पीकरला हे कलम अगदी मापाचं बसतं.

पण कायदा कोर्टात. अनोळखी माणसाला दूरवरून पैसे पाठवायचे, त्याने वस्तू पाठवायची, आणि दोघांनाही झोप लागायची, यासाठी कायद्यापेक्षा काहीतरी हाताशी असलेलं लागतं. हा प्रश्न सोडवण्याचा एक छान प्रयत्न आम्हाला इंग्लंडच्या एका मासिकात सापडला. मासिकाचं नाव 'वायरलेस वर्ल्ड'. 1911 मध्ये ते 'मार्कोनीग्राफ' म्हणून सुरू झालं आणि 1913 मध्ये त्याचं नाव बदललं. रेडिओची हौस असलेल्या लोकांचं हे मासिक. शेवटच्या पानांवर छोट्या जाहिराती असायच्या: जुना सेट, जुना लाउडस्पीकर, ट्रान्सफॉर्मर, ग्रामोफोनची मोटर, विकणे आहे. लंडनमधल्या माणसाला स्कॉटलंडमधल्या माणसाचा अँप्लिफायर हवा असे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

1930 च्या दशकात मासिकाने त्यासाठी 'ठेव पद्धत' चालवली. घेणाऱ्याने पैसे विकणाऱ्याला नाही, मासिकाच्या कचेरीत पाठवायचे. कचेरी दोघांनाही कळवी, पैसे आमच्याकडे पोहोचले. मग विकणाऱ्याने वस्तू रवाना करायची. वस्तू हातात पडल्यापासून घेणाऱ्याला तीन दिवस. लावून बघा, ऐका, शेजाऱ्याला दाखवा. पसंत पडली तर कचेरीला सांगा, ते विकणाऱ्याला पैसे देतील. नापसंत असेल तर वस्तू परत पाठवा, आणि वस्तू मिळाली असं विकणाऱ्याने कळवलं की तुमचे पैसे तुम्हाला. दहा पौंडांपर्यंतच्या व्यवहाराला कचेरी एक शिलिंग कापून घेई.

यातली बारीक कलमं आम्हाला फार आवडली, कारण खरी भांडणं तिथेच होतात. पाठवणावळ कोणाची? सौदा झाला तर घेणाऱ्याची. सौदा मोडला, आणि दोघांचं आधी काही वेगळं ठरलेलं नसेल, तर एका बाजूची याची, एका बाजूची त्याची. म्हणजे उगाच मागवून बघणाऱ्यालाही चाप, आणि वर्णनात गुळगुळीत बोलणाऱ्यालाही चाप. आणि वाटेत वस्तू हरवली किंवा फुटली तर? नुकसान विकणाऱ्याचं. मासिक हात झटकून मोकळं. हे कडक वाटेल, पण विचार केला तर पटतं. खोक्यात वस्तू कशी बांधायची हे फक्त विकणाऱ्याच्या हातात असतं. रेकॉर्ड प्लेअर पाठवताना वरची जड थाळी वेगळी काढून गुंडाळायची असते, सुईचा हात बांधायचा असतो, त्याच्या मागचं वजन काढून ठेवायचं असतं. यातलं एक राहिलं तर खोकं बाहेरून धड आणि आतून खुळखुळा. घेणारी इथे बसून त्यात काय करणार?

लक्षात घ्या, त्या मासिकाने वस्तू चांगली आहे याची हमी घेतली नव्हती. त्याने फक्त मधल्या तीन दिवसांची जबाबदारी घेतली. गावाकडे दोन घरांच्या सोयरिकीत मधला मामा असतो तसं.

पुढे 1970 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. 2001 मध्ये त्याच विचारासाठी त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. म्हणणं साधं आहे. विकणाऱ्याला वस्तूचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच वस्तूंना कमी भाव देतो. मग चांगली वस्तू असलेला माणूस म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात उरतात त्या रडक्या वस्तू.

हे खरंच आहे, पण आपल्या घरांकडे बघितलं तर अर्धंच खरं वाटतं. सासरे गेले, माळा आवरायला घेतला, कापडात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ निघाला, आखातात नोकरी करून आलेल्या काकांचा टू-इन-वन निघाला, रेकॉर्डची पेटी निघाली. विकायची कोणी? घरातल्या बाईने. किंमत कोणाला माहीत? दारात उभ्या असलेल्या माणसाला. तो म्हणतो, भंगार आहे हो वहिनी, पत्र्याचं वजन धरतो. इथे अंधारात असते ती विकणारी. आणि कायदा इथेही गप्प बसणाऱ्याच्या बाजूने झुकतो. त्याच सतराव्या कलमाच्या शेवटच्या उदाहरणात म्हटलंय की दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याची आतली खबर असेल, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. म्हणून विकायच्या आधी वस्तूच्या मागच्या पाटीवरचं नाव आणि मॉडेलचा क्रमांक वाचा, फोटो काढा, आणि तीच वस्तू इतरत्र काय भावाने विकली जाते ते बघा. एक उदाहरण सांगतो. टेक्निक्स कंपनीचा एसएल-1200 हा रेकॉर्ड प्लेअर 1972 मध्ये आला, 2010 मध्ये बंद झाला, आणि मागणी एवढी की 2016 मध्ये कंपनीला तो पुन्हा काढावा लागला. असा एखादा धूळ खात पडलेला असेल तर तो वजनावर द्यायचा?

इंटरनेटवरच्या बाजाराची गोष्ट सप्टेंबर 1995 ची. अमेरिकेत पिएर ओमिदियार यांनी घरबसल्या लिलावाची एक जागा सुरू केली, तिचंच पुढे 'ईबे' झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटला. ओमिदियार यांनी घेणाऱ्याला विचारलं की हा मोडका आहे हे माहीत आहे ना? तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. आम्हाला त्यात वेगळंच दिसतं. मोडकी वस्तू 'मोडकी' म्हणून विकली तर भांडण होत नाही, आणि तिलाही गिऱ्हाईक असतं. दुरुस्ती करणारे तर मुद्दाम अशाच शोधतात.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1996 मध्ये, तिथे घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय आली. चावडीवरची पत, फक्त अनोळखी लोकांची. बरीच वर्षं दोन्ही बाजू एकमेकांबद्दल वाईट लिहू शकत. मग असं व्हायला लागलं की विकणारा बदला म्हणून उलट वाईट लिहील या भीतीने घेणारे खरं बोलेनात. 2008 मध्ये नियम बदलला, विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांबद्दल वाईट शेरा लिहायचा नाही. विकणारे चिडले. एका हाताची टाळी झाली म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं.

आपल्याकडे 2000 साली मुंबईत 'बाझी' ही लिलावाची जागा निघाली, 2004 मध्ये ईबेने ती घेतली. नंतर 'ओएलएक्स' आणि 'क्विकर' आले. इथे एक मोठा फरक पडला. यांचा भर जाहिरातीवर, व्यवहार आपला आपण. मधला मामा गेला. भेटा, बघा, रोख द्या, म्हणजे पुन्हा जुना बाजारच, फक्त पत्ता फोनवर मिळतो. हे शहरातल्या शहरात ठीक. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी हवा तो माईक पुण्यात किंवा बंगळुरूत असतो, आणि मग लोक आधी पैसे पाठवतात.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि पैसे पाठवणं चुटकीसरशी झालं. त्याबरोबर नवी चलाखीही आली, आणि तिची शिकार विकणारी बाई असते. आमच्या एका श्रोत्या ताईंनी टेपरेकॉर्डर विकायला काढला. लगेच फोन आला, मी फौजेत आहे, बदली झालीय, न बघता घेतो, पूर्ण पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील. ताईंनी फोन मुलीच्या हातात दिला आणि मुलीने तिथेच थांबवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. असं कुणाचं पैशाचं नुकसान झालं तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करायचा. मालविक्री कायद्याचं साल आणि सायबर तक्रारीचा क्रमांक एकच, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

ग्राहक म्हणून दाद मागायची तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, तर ती परत घ्यायला विकणारा नकार देऊ शकत नाही, असं ते नियम सांगतात. पण हे नियमित धंदा करणाऱ्यांसाठी. स्वतःच्या घरातली एखादी वस्तू वैयक्तिकपणे विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू नाहीत, असं त्यातच लिहिलंय. तिथे आपला 1930 चा आणि 1872 चा जुनाच कायदा. म्हणून विकणारा दुकानदार आहे की घरगुती, हा पहिला प्रश्न.

आता 'चालू' या शब्दाकडे येऊ. जुन्या रेकॉर्डच्या धंद्यात प्रतीचे शब्द ठरलेले आहेत. तिथे 'गुड' म्हणजे चांगली नव्हे बरं का. 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी खरखरणारी, चरे पडलेली, पण न अडकता शेवटपर्यंत वाजणारी. नवीन माणूस 'गुड' वाचून खूश होतो आणि घरी येऊन कपाळावर हात मारतो. धंद्यातल्यांनी आपापसात अर्थ ठरवला, पण तो बाहेरच्याला कोणी सांगितला नाही. यंत्रांच्या बाबतीत तर असे ठरलेले शब्दही नाहीत. दिवा लागतो, म्हणून एकजण 'चालू' लिहितो. दुसरा चारही तास वाजवून बघून 'चालू' लिहितो.

शिवाय यंत्रं न वापरताही म्हातारी होतात. कपाटात ठेवलेला टेपरेकॉर्डर 'अजिबात वापरलेला नाही' म्हणून कौतुकाने विकतात. आतला रबरी पट्टा तोवर डांबरासारखा चिकट झालेला असतो. स्पीकरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत बोट लावलं तरी गळतो. कपॅसिटर सुकतात आणि मग घूं असा आवाज येतो. आवाजाचा खटका फिरवताना खरखर होते ती बहुधा धुळीची, ती साफ करून जाते, तिला घाबरू नये. आणि परदेशातून आलेली वस्तू असेल तर मागे व्होल्टेज वाचाच. जपानात 100 व्होल्ट, अमेरिकेत 120, आपल्याकडे 230. तिथे उत्तम चालणारी वस्तू इथे लावली की धूर, आणि विकणाऱ्याने खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

आमच्या केंद्रासाठी जुना मिक्सर घ्यायचा होता तेव्हा आम्ही घोड्याच्या तिसऱ्या उदाहरणावरून एक निरोप लिहून ठेवला होता. सगळे इनपुट चालतात का, सगळे खटके आवाज कमी-जास्त करतात का, माईकला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा मिळतो का, उघडून दुरुस्त केला आहे का. तुम्ही वेगळं काही कळवलं नाही तर हे सगळं ठीक आहे असं धरून पैसे पाठवत आहोत. पाच जणांना पाठवला. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, जुना आहे, घ्यायचा तर घ्या. पाचव्या दादांनी एक व्हिडिओ पाठवला, त्यात एकेक इनपुट लावून दाखवला होता, आणि खाली लिहिलं होतं, तिसऱ्यात खरखर आहे, त्याचे पाचशे कमी करतो. तोच मिक्सर आज तुमच्यापर्यंत हा आवाज पोहोचवतोय. तिसऱ्या इनपुटवर आम्ही चिकटपट्टी लावून ठेवली आहे.